पाहुणीसमोरचे हात

लाल्ला इत्तो, ती किटली खाली ठेव आणि इथं माझ्यासमोर बस. चहा मग घेऊ. टँजियरहून निघून, फेसला बस बदलून, कंबरेचा भुगा करून मी या तुझ्या मिदेल्तच्या थंडीत आले, ती चहासाठी नाही. तुझ्या पोरीनं, नुहैलानं, हातात आलेली नोकरी का टाकली ते तुला सांगायला आले. तिनं सांगितलं नसणार. विचारलंस की ‘नाही झालं’ एवढंच म्हणत असणार आणि भांडी घासायला उठत असणार. मघाशी दारात मी माझं नाव सांगितलं, तामू, जिच्या घरी तुझी पोरगी राहिली ती, तेव्हा तुझ्या कपाळावर काय चढलं ते मी बघितलंय. चढू दे. पण गोष्ट पुरी ऐक. मी शाळेचं दार दुरून बघितलेली बाई, मला सरळ रांगेत सांगता येत नाही. जसं आठवेल तसं येईल. खोटं मात्र येणार नाही.

तर त्या सकाळी गाडी माझ्या कोपराला लागली. तिथून सुरू करते, कारण माझ्या डोक्यात सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्या कारखान्यात गाडी अशी उभी नसते, बाई, ती चालत असते. रंगवलेला सांगाडा, दारं नाहीत, खुर्च्या नाहीत, आणि खालचा पट्टा त्याला हळूहळू पुढं नेतो, जशी कुणी सतरंजी ओढावी. आपण बरोबर चालायचं, वाकायचं, गाडीच्या पोटात तारांचा जुडगा बसवायचा, क्लिपा दाबायच्या, बाहेर यायचं, दोन पावलं मागं जायचं, तोवर दुसरी येते. इतकी वर्षं झाली, मागं न बघता मला कळतं पुढची कुठवर आली ते. तुला चुलीकडं पाठ असताना दूध वर आलेलं कळतं ना, तसं. आणि त्या सकाळी मी एका पांढऱ्या गाडीत शेवटची क्लिप दाबत होते आणि मागून गार काहीतरी माझ्या कोपराला टेकलं. लागलं नाही. टेकलं. गाय नाकानं ढकलते आणि म्हणते सरक, तसं. पुढची गाडी येऊन उभी होती आणि माझी हातातलीच आवरली नव्हती. मी म्हणलं, झालं, तामू, म्हातारी झालीस. वर बघितलं तर पलीकडं अल्लाल, मिशा पिकलेला, तोंडानं कधी न थांबणारा माणूस, तोही गप्प, कपाळावर घाम, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच. त्यालाही वाटत होतं तोच म्हातारा झाला. आम्ही एकमेकांकडं बघून नजर काढून घेतली. लाज वाटली बघ, उघडं पडल्यासारखी.

झालं असं होतं की आमच्यातलं एक माणूस त्या सकाळपासून उचललं होतं. बतूल. मनगटावर पट्टी बांधून काम करणारी, दोन लहान पोरांची आई, माझ्या पुढच्या जागेवरची. तिचं काम बाकीच्यांत वाटून टाकलं, थोडं मला, थोडं अल्लालला, थोडं पुढच्यांना, आणि तिला सांगितलं, कोपऱ्यात बस, तुझं काय करायचं ते महिनाअखेर ठरवू. का, तर तुझ्या पोरीच्या घड्याळानं सांगितलं होतं की या माणसांकडं वेळ उरतो.

थांब. तोंड वाकडं करू नकोस. मी तिला दोष द्यायला आले नाही.

ती आली तेव्हा वारा होता, आमचा शर्की, पूर्वेचा वारा, तो सुटला की टँजियरात माणसं दारं आपटतात आणि विनाकारण भांडतात. जिन्यात एवढीशी पोरगी, अंगापेक्षा बॅग मोठी, केस सगळे तोंडावर. कॉलेजचं शेवटचं काम कारखान्यात करायचं होतं तिला, शिकाऊ इंजिनियर म्हणून, आणि बेनी मकादात, आमच्या वस्तीत, कुणी तरी माझी वरची खोली सांगितली होती. मी सांगून टाकलं की आंघोळीला पाणी मोजून, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही. ती म्हणाली, बरं खाल्ती. पहिल्याच दिवशी खाल्ती म्हणाली, मावशी. मला कुणी भाचरं नाहीत. माझा भाऊ स्पेनला गेला तो तिकडचाच झाला. असो. दुसऱ्या दिवशी पहाटे कामगारांच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि तेव्हा कळलं, तिला दिलं होतं ते आमचंच काम. आमच्या पट्ट्यावर उभं राहून प्रत्येकाला एका गाडीमागं किती वेळ लागतो ते मोजायचं. मोजायचं, लिहायचं, आणि शेवटी साहेबांसमोर आणि कॉलेजच्या मास्तरांसमोर उभं राहून सांगायचं, की हे असं आहे, हे असं करता येईल.

मोजणारे आम्ही याआधी बघितलेत. चकचकीत बूट, गळ्यात पट्टा, ते आले की लाइनभर एक शीळ फिरते, आणि हात आपोआप जड होतात. का होतात ते सांगायला नको, तुलाही सफरचंदाच्या बागेत मुकादम बघायला आला की तसंच होत असेल. पण ही पोरगी आली, घड्याळ हातात धरून माझ्यापासून चार पावलांवर उभी राहिली, आधी सलाम केला, आधी विचारलं, ‘खाल्ती, मोजू का?’ आणि मग माझ्या हातांकडं बघायला लागली. तोंडाकडं नाही. हातांकडं.

हे तुला कसं सांगू. मी बारा-तेरा वर्षांची डोंगरातून टँजियरला आले ती कोळंबी सोलायला. लांबलचक टेबलं, बर्फ, आणि पोरी रांगेत. बोटं इतकी गार की घरी जाऊन गरम पाण्यात घातली की रडू यायचं. तिथं वजन व्हायचं कोळंबीचं. हात कुणाला दिसत नसत. मग कारखान्यात आले, इथं क्लिप बसली का बघतात. न बसलेली क्लिप बघतात, बसलेली कोण बघतो? नवरा होता, देव त्याला बरं ठेवो तिकडं, त्यानं माझ्या हातांची भाकरी आणि चहा घेतला, हात बघितल्याचं मला आठवत नाही. आणि ही पोरगी, शिकलेली, चार पावलांवर उभी राहून माझी बोटं अशी बघत होती जशी आपण लोहाराकडं बघत उभे राहायचो लहानपणी. माझे हात माझे राहिले नाहीत, बाई. सुटले. क्लिपा अशा बसत गेल्या, टक टक टक, जशा काही त्यांच्या त्याच जात होत्या. मला आतून हसू येत होतं. मी पाठ सरळ केली नाही, घाम पुसला नाही, बतूलला पोराचा खोकला कसा आहे ते विचारलं नाही. गाडीतून बाहेर आले तेव्हा पुढची अजून लांब होती आणि मी उभी, कंबरेवर हात, जशी लग्नातली करवली.

आणि हे माझं एकटीचं नव्हतं. कुणी कुणाशी ठरवलं नाही, देवाशपथ. पण ती अल्लालसमोर उभी राहिली की त्याची बडबड बंद, नाक शिंकरणं बंद, आणि हात असे की मला वाटायचं याला कुणी चावी दिली. बतूल बाही खाली ओढून मनगटाची पट्टी झाकायची. पाहुणी दारात आली की आपण काय करतो? माझी आई फाटक्या गोधडीची चांगली बाजू वर करायची, शेजारचे सोनेरी काठाचे पेले आणायची, आणि पाहुणा जाईपर्यंत आम्हा पोरांना खोकायची बंदी. त्याला आम्ही फसवणूक म्हणत नाही. त्याला मान म्हणतो. तशी आमची ती पाहुणी होती. आणि शिवाय सगळ्यांना माहीत होतं की तिचा बाप नाही, आई सफरचंदं निवडते, आणि हे काम चांगलं झालं तर पोरीला नोकरी लागेल. मग आपल्यामुळं तिचं कमी कशाला दिसू द्या? तिचे आकडे चांगले यावेत म्हणून आम्ही धावलो. आमचे आकडे म्हणजे तिचे आकडे, असं काहीतरी आमच्या डोक्यात. मूर्ख माणसं.

शुक्रवारी कॅन्टीनला मांस घातलेला कुसकुस असतो, तुझ्याकडंही असेलच. ते आम्हाला वेगवेगळ्या ताटांत देतात, रुग्णालयासारखं. तर आम्ही पाच-सहा जण दोन टेबलं जोडतो, बतूल घरून परात आणते, आणि सगळी ताटं तिच्यात रिकामी. सुपरवायझर रोज तक्रार करतो आणि शुक्रवारी येऊन बसतो. त्या परातीत तुझ्या पोरीच्या बाजूला मांस जमायचं. हा एक तुकडा सरकवतो, ती एक सरकवते, पोरगी लाल होते, म्हणते पुरे, अल्लाल म्हणतो, खा गं इंजिनियर, तुमच्या डोंगरात बकऱ्याही बारीक, तुम्हीही बारीक. ती खायची. परत लाइनवर यायची, घड्याळ काढायची. आम्ही परत धावायचो.

घरी आले की चहा पेल्याबाहेर सांडायचा. मी म्हणायचे, वारा आहे.

मग ते आकडे वर गेले, आणि आमचा मोठा इंजिनियर, बेनजल्लून, फेसचा माणूस, गोरापान, शर्टाला कधी घडी न पडणारा, खाली लाइनवर आला. सगळ्यांसमोर तिला म्हणाला, असं स्वच्छ काम त्यानं कुठल्या शिकाऊच्या हातून बघितलं नाही, आणि शेवटच्या दिवशी साहेबांसमोर हेच मांडलंस तर जागा तुझीच. त्या संध्याकाळी तिनं तुला फोन केला. तू फोनवरच आनंदानं जीभ नाचवत झगरूत घातलास, लग्नात घालतात तसा, माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. मी पण घातला, माझ्या जिन्यात. तुझा आवाज चांगला आहे.

आणि मग ती सकाळ, कोपराला टेकलेली गाडी. आधी वाटलं एक दिवस. मग दुसरा. क्लिपा राहायला लागल्या. पुढच्या टोकाला दोष सापडायला लागले, सुपरवायझर फिरायला लागला, ‘काय झालंय तुम्हाला, मागच्या महिन्यात तर जमत होतं.’ जमत होतं, खरंच. अल्लाल शिव्या द्यायचा थांबला, याच्यापेक्षा वाईट काही नाही. बतूल कोपऱ्यात पत्र्याच्या स्टुलावर बसून आमच्याकडं बघायची आणि उठून मदत करायला जायची तर तिला परत बसवायचे. एक गंमत बघ, ती आमच्यावर रागावली नाही, तुझ्या पोरीवरही नाही. ती म्हणायची, माझं मनगटच खराब, मीच कमी पडले असणार. ज्याला त्याला वाटत होतं खोट आपल्यातच आहे. मी आरशात स्वतःचे डोळे बघितले, चाळिशी लागली असेल म्हणून. मशिदीत, बायकांच्या बाजूला बसून मी हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांना विचारलं, अरे, तेव्हा कुठून आणलंत? आणि तेव्हा मला ते दिसलं. माझी आई दिसली, गोधडी उलटी करताना. पाहुणा गेल्यावर ती पेले परत द्यायला जायची आणि येताना कशी चालायची, तेही दिसलं. पाय ओढत. पाहुणा जातो म्हणून माणूस जगतो, बाई. आमची पाहुणी गेलीच नव्हती. साहेबांनी तिला कागदावर कायमची बसवून ठेवली होती, आणि आम्हाला आता जन्मभर सोनेरी पेल्यांतच चहा द्यायचा होता.

पण हे तिला सांगायचं कसं? पाहुण्याला सांगतं का कुणी की पेले शेजारचे आहेत? मी जिन्यात तिला ओलांडून जायची. ती विचारायची, खाल्ती, क्लिपा का राहतायत, मी तर परत परत बघितलं, आकडे बरोबर आहेत. मी म्हणायची, भात लागतोय खाली. भात नसायचा. चार दिवस मी त्या पोरीशी जेवणाशिवाय काही बोलले नाही, आणि आत काहीतरी असं खाजत होतं, जिथं हात पोचत नाही तिथं. सांगावं तर तिची नोकरी जाते, तुझा झगरूत जातो. न सांगावं तर बतूल जाते, आणि महिन्या-दोन महिन्यांत मीही जाणार हे मला गाडीच्या त्या गार नाकानं सांगितलंच होतं.

शेवटी बसमध्ये सांगितलं. शिफ्ट सुटली होती, ऊन होतं, ती खिडकीला डोकं लावून बसलेली. मी म्हणलं,

‘नुहैला, तू पाहुणी होतीस.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तू बघत होतीस म्हणून आम्ही धावलो. ते हात आमचे नव्हेत. पाहुण्यापुढचे होते.’

ती आधी हसली. मग तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. रस्त्याकडंचे निवडुंग जात होते, कुणीतरी मागं गाणं लावलेलं. मला वाटलं आता म्हणेल, तुम्ही मला फसवलंत. मी तयारी करून बसले होते. तिनं विचारलं, ‘मग घरचं व्हायला काय करावं लागतं?’

मी वैतागले. वैताग आला की माझ्या तोंडातून बरं निघतं कधीकधी. म्हणलं, घड्याळ ठेव खिशात आणि ये माझ्या शेजारी, बतूलच्या जागेवर उभी राहा आणि काम कर. मग बघू.

तिनं बेनजल्लूनला सांगितलं, क्लिपा का राहतात ते हातानं करून बघायचंय. त्याला वाटलं पोरीला हौस आली. म्हणाला, एक आठवडा घे. आणि सोमवारी ती आली, निळा डगला, केस बांधलेले, आणि पहिल्या गाडीत वाकली ती डोकं आपटूनच बाहेर आली. अल्लाल धावत गेला, पाणी आणलं, म्हणाला बस, बस. दुसऱ्यानं तिच्या क्लिपा दाबून दिल्या. अजून पाहुणीच. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, हे असंच चाललं तर आठवडा जाईल आणि ही डोक्यावर पट्टी बांधून तशीच घरी जाईल. लागोपाठ तिसरी गाडी तिनं अर्धी सोडली आणि ती माझ्यावर आली. आणि मी ओरडले. सगळ्या लाइननं ऐकलं.

‘हात आहेत का लोणी? तुझं उरलेलं मी किती निस्तरू? सरक तिकडं.’

अल्लालनं मिशीवरचा हात तसाच ठेवला. पोरीचे डोळे भरले, मला दिसले, आणि वाटलं, जावं आणि तिला कवटाळावं. गेले नाही. ती सरकली. नाक डगल्याच्या बाहीला पुसलं आणि पुढची गाडी घेतली. थोड्या वेळानं अल्लाल पलीकडून म्हणाला, अगं इंजिनियर, तुझ्या आईनं तुला सफरचंद सोलायला तरी शिकवलं का, का तेही यंत्रानं? आणि ती म्हणाली, तुमच्या मिशा सोलून दाखवू का? बस. सुटलं सगळं. त्या हसण्यानं आमच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. नाकं शिंकरली गेली. कुणी पाठ सरळ केली. मी बतूलला कोपऱ्यात हाक मारून पोराचा खोकला विचारला, किती आठवड्यांनी.

तिची बोटं सुजली, बाई. तू बघितली असशील, अंगठ्याला ते काळं पडलंय, ते आमचंच. रोज संध्याकाळी ती तेल चोळत बसायची आणि मी मुद्दाम विचारायची नाही. शुक्रवारी परातीत तिच्या बाजूला मांस नव्हतं. कुणी सरकवलं नाही. कुणाच्या लक्षातच नाही आलं, आणि तिच्या आलं, मी बघितलं तिच्याकडं. तिनं मधला तुकडा उचलला आणि बतूलकडं सरकवला, आणि बतूल म्हणाली, तूच खा, तुझ्यापायी मी स्टुलावर बसून जाडी झालेय. सगळे हसले, तुझी पोरगी सगळ्यांत जास्त. मला वाटतं तिला तेव्हा रडायचं होतं.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत तिनं काम करता करता परत मोजलं. कसं ते मला कळलं नाही, घड्याळ खिशात, बोटानं दाबायची. कुणी लक्ष दिलं नाही. कुणी धावलं नाही. अल्लाल त्याच्या सासूची गोष्ट सांगत होता, जी कधी संपत नाही. आणि तो आकडा जुन्याच ठिकाणी येऊन बसला, जिथं बतूल लागते.

मग ती बेनजल्लूनकडं गेली. हे मला तिनं नंतर सांगितलं, जिन्यात बसून. तो वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. त्यानं सगळं नीट ऐकलं. आणि म्हणाला, पण त्यांनी ते केलं ना? केलं म्हणजे होतं. मग रोज का होऊ नये? यावर काय बोलशील, सांग. तुझ्या पोरीनं त्याला विचारलं, ‘साहेब, मी तुमच्या घरी जेवायला आले तर तुमची आई जेवढं करेल, तेवढं ती रोज करते का?’ तो फेसचा, बाई. फेसच्या आया पाहुण्यासाठी काय करतात ते अख्ख्या मोरोक्कोला माहीत. तो म्हणे उठून खिडकीशी गेला आणि खाली लाइनकडं बघितलं. मग म्हणाला, हे मी वर सांगू शकत नाही. पहिले आकडे मांडलेस तर जागा तुझी. दुसरे मांडलेस तर तुला चांगलं सर्टिफिकेट मिळेल, पण जागेचं मी काही कबूल करत नाही.

त्या रात्री तिनं तुला फोन केला नाही. आठवतं? तू मला केलास, विचारलंस ती बरी आहे ना. मी म्हणलं झोपलीय. ती शेजारी बसली होती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. माझ्या ओठांवर आलं होतं, पहिले मांड आणि सुटका करून घे, पोरी, बतूलचं बघू काहीतरी. आलं होतं, खरंच आलं. तुझा झगरूत माझ्या कानात होता. पण मी उठून ताट घासलं.

तिनं दुसरे मांडले. सगळ्या साहेबांसमोर, कॉलेजच्या मास्तरांसमोर, आणि उभं राहून म्हणाली की पहिले आकडे घड्याळाच्या हिशोबानं खरे होते आणि माणसांच्या हिशोबानं चुकीचे, आणि ती चूक तिची स्वतःची, कारण ती पाहुण्यासारखी उभी राहिली. आमच्यावर एक शब्द येऊ दिला नाही. बतूल सोमवारी जागेवर आली. तुझी पोरगी मंगळवारी बसमध्ये बसली, इकडं यायला. मी विचारलं, आईला काय सांगशील? म्हणाली, नाही झालं म्हणेन. खरं सांगितलं तर आई म्हणेल, त्या लोकांनी तुला नडलं. आणि ते मला ऐकवणार नाही.

म्हणून तिनं तुला सांगितलं नाही, लाल्ला. आम्हाला झाकलं तिनं. गोधडीची चांगली बाजू वर केली.

आता मी का आले ते ऐक. गेल्या आठवड्यात बेनजल्लून लाइनवर आला. एकटा. माझ्या शेजारी उभा राहिला आणि हात मागं बांधून बराच वेळ गाड्या जाताना बघत होता, आणि मी, देवाशपथ, धावले नाही. घाम पुसला, पाठ सरळ केली, अल्लालला त्याच्या सासूचं विचारलं. मग त्यानं मला विचारलं, ती पोरगी फोन का उचलत नाही? त्याच्या खात्यात, जिथं लाइनची कामं वाटतात, तिथं एक जागा आहे. ती कबूल केलेली मोठी जागा नव्हे. शिकाऊचीच, पगार कमी, सहा महिने बघणार आणि मग ठरवणार. पण काम तेच, माणसांचे हात बघायचं. तो म्हणाला, मला असं कुणी हवंय ज्याला लाइनवर शिव्या बसतात. हे त्याचे शब्द. मी म्हणलं, साहेब, तिची आई फोन काढून ठेवते, त्या कारखान्याचं नाव घरात काढायचं नाही म्हणते, पोरीनं एकदाच चोरून कळवलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी रजा मागितली.

तर आता माझं झालं. चहा थंड झाला असेल, दुसरा कर किंवा करू नकोस. तुझ्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय, आणि तुझं चुकत नाही. एकदा तोंडाशी आलेला घास गेला, परत त्याच दारात पोरगी पाठवायची, कमी पगारावर, आणि सहा महिन्यांनी परत ‘नाही झालं’ म्हणून आली तर? मला नाही माहीत. मी तुला वचन देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. मला एवढंच माहीत आहे की ती मांडायला उभी राहिली त्या दिवशी अल्लालनं, ज्यानं आयुष्यात कुणासाठी तोंड बंद ठेवलं नाही, त्यानं दुपारपर्यंत एक शब्द काढला नाही, आणि आम्ही सगळे आपापल्या चालीनं काम करत होतो, आणि एकही क्लिप राहिली नाही.

मला उद्या दुपारची बस आहे. तिला माझ्याबरोबर पाठव, लाल्ला इत्तो. पण मी लांबून आले, तुझ्या दारात बसले, माझं मन मोडवत नाही, म्हणून हो म्हणू नकोस. आज मला पाहुणी धरू नकोस. जे मनात आहे ते बोल, मोठ्यानं बोल, मला चार शिव्या घाल, माझ्या घराला घाल, कारखान्याला घाल. मी ऐकून घेते. आणि बोलून झालं, राग उतरला, आणि तरीही तुला वाटलं, तर मग हो म्हण.